महापालिकेचा ठराव आणि आपल्या माठातले पाणी

'जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी शटडाऊन, पाणी एक दिवस उशिरा' अशी चौकट वर्तमानपत्रात आली की नागापूर-बोल्हेगावपासून सावेडीपर्यंत घरोघरी हंडे, कळश्या, बादल्या भरून ठेवण्याची धांदल उडते. त्याच पानावर 'टीसीएल पावडर व तुरटी खरेदीस मान्यता' अशी एखादी दोन ओळींची बातमी असते. ती मात्र कोणी वाचत नाही. वास्तविक आपल्या पोटाच्या दृष्टीने या दुसऱ्या बातमीचे महत्त्व पहिलीपेक्षा कमी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी एका रोग्यासाठी असते, तर पालिकेचा असा एक ठराव लाखो माणसांसाठी लिहिलेले औषध असते. ते औषध वेळेवर आले का, पुरेशा ताकदीचे होते का आणि शेवटच्या घरापर्यंत पोहोचले का, हे तीन प्रश्न प्रत्येक नागरिकाने विचारायला हवेत.

मुळा धरणापासून नागापूरच्या नळापर्यंत

पूर्वी निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शहापूर यांसारख्या गावांकडून खापरी नळांच्या नहरींनी नगर शहरात पाणी आणले जाई. आज शहराची मुख्य भिस्त राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथील मुळा धरणावर आहे. २६ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयातून मुळानगर येथे पाणी उचलले जाते, विळद येथे त्यावर प्रक्रिया होते आणि तेथून ते मोठ्या वाहिन्यांनी शहराकडे येते. वाटेत पंप, व्हॉल्व्ह, साठवण टाक्या, वितरणाच्या लहान नळ्या असे अनेक टप्पे लागतात. त्यातील एका ठिकाणी जरी वीज गेली किंवा वाहिनी फुटली तरी सगळ्या शहराचे वेळापत्रक पुढे ढकलले जाते.

नगरपालिकेची महानगरपालिका २००३ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. औद्योगिक वसाहतीमुळे नागापूर भागात भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या कामगार कुटुंबांची वस्ती दाट झाली आहे. एका नळावर चार-पाच बिऱ्हाडे असली म्हणजे पाणी साठवणे आलेच, आणि पाणी साठवले की ते दूषित होण्याची एक संधी वाढते.

पुरेसे व निर्धोक पाणी पुरवणे ही पालिकेची मर्जी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते बंधनकारक कर्तव्यांत घातलेले आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय दिले. त्यांतही पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही आहेत.

पावडरीच्या पोत्यात काय असते?

पालिकेच्या खर्चाचा प्रवास साधारण असा असतो. संबंधित विभाग प्रस्ताव तयार करतो, अंदाजपत्रकात तरतूद आहे का ते पाहिले जाते, निविदा निघते, १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे विषय जातो आणि मग खरेदीचा आदेश निघतो. सभागृहाची मुदत संपलेली असेल तेव्हा हेच अधिकार प्रशासक वापरतात. विषय 'नेहमीचा' म्हणून मागे पडला, निविदेला मुदतवाढ मिळाली किंवा पुरवठादाराचे बिल थकले, तर कागदावर फार काही बिघडत नाही. साठा मात्र संपत येतो.

तुरटीचे काम गाळ खाली बसवण्याचे. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून मुळेला गढूळ पाणी येते तेव्हा तुरटीची गरज वाढते. गढूळपणा राहिला तर मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून आधी गाळ काढायचा आणि नंतर जंतू मारायचे, हा क्रम चुकवता येत नाही.

जंतू मारण्यासाठी मोठ्या केंद्रांत बहुधा क्लोरीन वायू वापरतात. विहिरी, टँकर, साठवण टाक्या यांसाठी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरली जाते. चांगल्या ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. परंतु पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा उन्हात पडले, तर तो उडून जातो आणि मागे उरतो तो चुना. २० टक्क्यांहून कमी क्लोरीन असलेली पावडर पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये, असा दंडक आहे.

हिशोब साधा आहे. १,००० लिटर पाण्यात ५ ग्रॅम ताजी पावडर टाकली तर लिटरमागे सुमारे १.६ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पावडरीची ताकद १० टक्क्यांवर आली असेल, तर तेवढ्याच ५ ग्रॅममधून मिळतो जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. नोंदवहीत दोन्ही दिवशी '५ ग्रॅम' अशीच नोंद होईल! त्यातून पाण्यातील सेंद्रिय घाण आधी आपला वाटा खाते. तिची भूक भागल्यावर जो उरतो तोच क्लोरीन पुढच्या प्रवासात आपले रक्षण करतो. म्हणून किती किलो पावडर घेतली यापेक्षा नळाच्या तोटीशी किती क्लोरीन उरला, हा खरा प्रश्न आहे. क्लोरीन मिसळल्यापासून किमान अर्धा तास जाऊ दिल्यानंतर पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा.

हे उरलेपण तपासायला ओटी टेस्ट असते. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिन या द्रावणाचे थेंब टाकतात. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते, नसेल तर रंग येत नाही. दोन मिनिटांचे काम आहे. पण ते टाकीपाशी करून भागत नाही. वाहिनीच्या अगदी टोकाच्या घरी, जिथे पाणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी दाबाने पोहोचते, तिथे ते व्हायला हवे.

नळी रिकामी असते तेव्हा

आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते, ठरलेल्या पाळीने येते. पाणी बंद झाले की नळीतला दाब जातो. नळीला कोठे चीर असेल आणि बाहेर गटाराचे पाणी साचलेले असेल, तर ते आत ओढले जाते. पुढच्या पाळीला पहिली दोन-चार मिनिटे जे गढूळ, वासाचे पाणी येते ते असे आलेले असू शकते. गटारातून गेलेली घरगुती जोडणी, गंजलेली जीआय नळी, तोटी नसलेला नळ, ही सारी रोगाची दारे आहेत.

नळाला थेट मोटार लावणारे तर शेजाऱ्याचे पाणी पळवतातच, पण दाब आणखी कमी करून गटारातली घाण सगळ्या गल्लीच्या नळीत ओढतात. ही मोटार बेकायदा आहेच, शिवाय ती आपल्याही घरातल्या मुलांच्या आजाराला कारण ठरू शकते.

म्हणून 'गळती दुरुस्ती' हा केवळ पाणी वाचवण्याचा विषय नाही. गळती म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले दार. दाब असताना पाणी बाहेर जाते आणि दाब नसताना घाण आत येते. दुरुस्तीसाठी घेतलेल्या शटडाऊनबद्दल आपण कुरकुर करतो, पण तो योग्य वेळी घेतला गेला नाही तर त्याची किंमत दवाखान्यात मोजावी लागते. मात्र दुरुस्तीनंतर वाहिनी धुऊन काढणे आणि क्लोरीनची मात्रा वाढवणे हेही त्या कामाचाच भाग आहे.

पंपाचा दांडा आणि पंचगंगेचे पाणी

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली आणि सहाशेच्या वर माणसे दगावली. जॉन स्नो या डॉक्टराने घरोघर चौकशी करून दाखवून दिले की, बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती झाले आहेत. ७ सप्टेंबरला त्याने ही गोष्ट तेथील स्थानिक मंडळापुढे मांडली आणि ८ सप्टेंबरला मंडळाने पंपाचा दांडा काढून टाकला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हे स्नो स्वतःही मान्य करीत असे. पण रोगाचे मूळ पाण्यात शोधायचे आणि उपाय स्थानिक कारभाऱ्यांनी करायचा, हा धडा त्यातून जगाला मिळाला. पुढे १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन मिसळण्यास सुरुवात केली.

लांब कशाला जायचे? २०१२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेचे दूषित पाणी आणि हिपॅटायटिस 'ई' हा विषाणू त्यामागे होता. ही कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत सोडते, पण गर्भवतीला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब घडवणारा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड, किरकटवाडी ही तिथली गावे २०२१ मध्येच पुणे महापालिकेत आली होती. हद्द एका आदेशाने वाढते, पण शुद्ध पाण्याची नळी तेवढ्या झटपट पोहोचत नाही. शहराच्या टोकाला राहणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

नागरिकांनी काय विचारावे?

आपल्या प्रभागाचे नगरसेवक, पाणीपुरवठा विभाग किंवा पालिकेचे आरोग्य केंद्र यांना पुढील गोष्टी जरूर विचाराव्यात.

१. आपल्या भागातील टोकाच्या नळाची ओटी टेस्ट मागच्या महिन्यात कोणत्या तारखांना झाली व निष्कर्ष काय निघाला?

२. जिवाणू तपासणीसाठी पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले का? पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा जिवाणू एकही चालत नाही. नमुना दूषित आला असेल तर पुढे काय केले आणि पुन्हा नमुना कधी घेतला?

३. वापरात असलेल्या टीसीएल पावडरीत क्लोरीन किती टक्के आहे?

४. साठवण टाकी शेवटची कधी धुतली?

उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज करता येतो. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. पण एकाच गल्लीत आठवड्यात दोन-तीन घरी जुलाब किंवा कावीळ दिसली, तर अर्जाची वाट पाहू नये. त्याच दिवशी आशाताईंना व आरोग्य केंद्राला कळवावे. साथ पहिल्या पाच रुग्णांवर अडवणे सोपे असते, पन्नासांवर फार अवघड.

घरी काय करावे?

नळ आल्यावर पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये, ते झाडांना किंवा सांडपाण्यासाठी वापरावे. पाणी गढूळ असेल तर दाट कापडाने गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे. नुसती तुरटी फिरवल्याने पाणी नितळ दिसते, पण जंतू मरत नाहीत. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. माठावर झाकण ठेवावे व पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे.

साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, बॅरल व टाक्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात.

जुलाब सुरू झाले तर लगेच ओआरएस द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. लहान मुलांना स्तनपान व नेहमीचे जेवण चालू ठेवावे आणि आरोग्य केंद्रातून मिळणारी झिंकची गोळी सांगितल्याप्रमाणे १४ दिवस पूर्ण द्यावी. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले, गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले किंवा जुलाबानंतर हातापायांतली शक्ती कमी वाटू लागली, तर घरगुती उपाय करत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

यापुढे स्थायी समितीच्या बातमीत तुरटी, टीसीएल, गळती, नमुना तपासणी हे शब्द दिसले की ती बातमी आधी वाचावी. पाणीपट्टी आपण भरतो, तेव्हा त्या पाण्याचा अहवाल मागणे हा आपला हक्क आहे.