सीलिअॅक आजार आणि चित्रपटगृहातले जेवण

मागच्या पाठात आपण सीलिअॅक आजाराचे निदान कसे होते ते पाहिले. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी, त्यानंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, आणि निदान पक्के होईपर्यंत गहू बंद करायचा नाही ही महत्त्वाची सूचना, हे तुमच्या लक्षात असेलच. या पाठात निदानानंतरच्या आयुष्यातला एक प्रसंग घेऊ. प्रसंग साधा आहे. मित्रमैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचे आहे, आणि तेही अशा चित्रपटगृहात, जिथे बसल्या खुर्चीवर जेवण आणून देतात.

आधी थोडी उजळणी. गहू, बार्ली म्हणजे जव, आणि राय या धान्यांतल्या प्रथिनांना आपण एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतो. सीलिअॅक असलेल्या माणसाने ग्लुटेन खाल्ले की त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. तिथली मखमलीसारखी लव झिजते. मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. यावर आज तरी एकच उपचार आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लुटेनमुक्त आहार. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचे पाहण्यांत आढळले आहे. दक्षिणेत हे प्रमाण बरेच कमी आहे. गव्हाची अॅलर्जी हा वेगळा आजार. अॅलर्जीत काही मिनिटांत घसा सुजू शकतो. सीलिअॅकमध्ये तसे होत नाही. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी होतो, आणि काहींना तर काहीच जाणवत नाही. पण आत झीज चालूच असते. "मला काही झाले नाही, म्हणजे चालले" हा तर्क या आजारात लागू पडत नाही, तो यामुळे.

आमच्या विभागातल्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगते. निदान होऊन आठ महिने झाले होते. वसतिगृहात ती भात, ज्वारीची भाकरी, डाळ असे सांभाळून खात होती. वर्गातल्या सहाजणींबरोबर ती सिनेमाला गेली. सगळ्यांनी काही ना काही मागवले. हिने बटाट्याच्या फ्राइज मागवल्या. बटाट्यात गहू कुठून येणार, असा तिचा विचार. दुसऱ्या दिवशी पोट बिघडले, ते तीन दिवस. नंतर ती मला म्हणाली, "मॅडम, विचारावंसं वाटत होतं, पण त्या अंधारात, सगळ्या रांगेसमोर, लाज वाटली." तिला माहिती होती, ती वापरायला वाव मिळाला नाही. म्हणून या पाठात पदार्थांच्या यादीपेक्षा त्या जागेचा विचार जास्त केला आहे.

किती ग्लुटेन म्हणजे जास्त?

हा हिशोब एकदा स्वतः करून पाहा, मग पुढचे सगळे पटेल. एका पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते. कणकेत साधारण ११ टक्के प्रथिने धरली तर ३.३ ग्रॅम, त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश ग्लुटेन, म्हणजे जवळपास २.५ ग्रॅम किंवा २५०० मिलिग्रॅम. बहुतेक सीलिअॅक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लुटेन बाधत नाही असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रोज ५० मिलिग्रॅम काही महिने पोटात गेले तर आतड्याला इजा होते हे अभ्यासात दिसले आहे. म्हणजे एका पोळीचे २५० तुकडे केले, तर दिवसभराची मर्यादा त्यातल्या एका तुकड्याएवढी. हाताला चिकटलेल्या पिठाइतकी.

पाकिटावर "ग्लुटेनमुक्त" लिहायचे तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमाप्रमाणे एक किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. यालाच २० पीपीएम म्हणतात. अशा पदार्थाची २०० ग्रॅमची प्लेट खाल्ली तरी पोटात जाते जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम. पण १५० ग्रॅमच्या प्लेटीत ८० पीपीएम असेल तर १२ मिलिग्रॅम होतात आणि एका खाण्यातच मर्यादा ओलांडली जाते. प्लेट मात्र दोन्ही वेळा सारखीच दिसेल.

ही जागा वेगळी का आहे

जेवण देणारी चित्रपटगृहे ही कल्पना अमेरिकेत रुळली. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९९७ मध्ये सुरू झालेले अलामो ड्राफ्टहाउस हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे आता मोठ्या शहरांतल्या मल्टिप्लेक्समध्ये मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या, बाजूला छोटे टेबल, आणि बटण दाबले की किंवा मोबाइलवर मागणी नोंदवली की येणारा कर्मचारी, अशी सोय दिसते.

साध्या हॉटेलात तुम्ही वाढप्याशी बोलू शकता, गरज पडली तर आतल्या आचाऱ्याला बोलावू शकता, आणि ताट समोर आले की नीट पाहू शकता. इथे यातले काहीच सहज होत नाही. मागणी मोबाइलवरून जाते. ती वाचणारा एक, बनवणारा दुसरा, आणून देणारा तिसरा. त्या तिसऱ्याला तुमची गोष्ट माहीतच नसते. तो खुर्चीचा क्रमांक पाहून प्लेट ठेवतो आणि वाकून निघून जातो. मध्यंतराच्या आसपास स्वयंपाकघरात एकदम शंभर मागण्या येतात, आणि त्या दहा मिनिटांत वेगळा चिमटा, वेगळी प्लेट हे सगळे विसरले जाते. ताटात तळणीबरोबर पापडी आली, सॅलडवर तळलेल्या ब्रेडचे तुकडे पडले, तर पडद्याच्या उजेडात ते दिसत नाही. टेबलावर आधीच्या प्रेक्षकाच्या बर्गरचे कण असू शकतात, आणि त्याच टेबलावर तुमचा हात.

हाताबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सॅनिटायझर जंतू मारतो; ग्लुटेन हे प्रथिन आहे, ते तसेच राहते. साबण आणि पाण्यानेच हात धुवायचे. टेबल पुसायला ओला कागद पुरतो.

मेन्यूकडे कसे पाहायचे

फ्राइजपासूनच सुरू करू. तयार गोठवलेल्या काही फ्राइजवर कुरकुरीतपणासाठी पिठाचा पातळ थर असतो, आणि त्यात गव्हाचे पीठ असू शकते. तो नसला तरी तेल राहतेच. ज्या फ्रायरमध्ये समोसे, स्प्रिंग रोल, ब्रेडचा चुरा लावलेली कटलेट तळली जातात, त्यातच बटाटे पडले तर ग्लुटेन तेलातून येते. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा सामाईक तेलात तळलेल्या फ्राइजच्या २० प्लेटी तपासल्या. ९ मध्ये ग्लुटेन सापडले आणि ५ मध्ये ते २० पीपीएम किंवा त्याहून जास्त होते. तेल कडकडीत तापले की सगळे जळून जाते, हा समज चुकीचा आहे.

इथे भारतात एक खास फसवणूक होते. विचारले की उत्तर मिळते, "हो, आमचा व्हेज फ्रायर वेगळा आहे." ऐकून बरे वाटते. पण समोसा शाकाहारीच असतो! तुमच्या दृष्टीने व्हेज फ्रायरच जास्त धोक्याचा. वेगळ्या भांड्यांची कल्पना आपल्या स्वयंपाकघरांना नवीन नाही. जैन, उपवासाचे, शाकाहारी असे भेद आचारी कटाक्षाने पाळतात. फक्त त्यातला कुठलाच भेद गव्हाचा नाही.

पॉपकॉर्न हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. मक्क्यात सीलिअॅकला बाधणारे ग्लुटेन नसते. "कॉर्न ग्लुटेन" असा शब्द कुठे वाचला तर घाबरू नका, ते वेगळे प्रथिन आहे. साधे खारे पॉपकॉर्न, यंत्रातून थेट नव्या डब्यात भरलेले, असे मागा. चीज किंवा मसाल्याची पूड वरून टाकलेले असेल तर त्या पुडीच्या पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय नको. नाचोजचे चिप्स मक्याचे म्हणतात, पण काहींत गव्हाचे पीठही असते, आणि वरचे चीज सॉस अनेकदा मैद्याने दाट केलेले असते.

दक्षिण भारतीय पदार्थ पाहिले की आपला जीव भांड्यात पडतो. इडली तांदूळ आणि उडदाची, म्हणून ठीक. पण रवा इडली, रवा डोसा चालणार नाही, आणि साध्या डोशाच्या पिठात कुरकुरीतपणासाठी मैदा किंवा रवा घालणारे आचारी आहेत. शिवाय सांबार. सांबारात हिंग असतो, आणि बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग म्हणजे मूळ डिंकात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. फोडणीतली चिमूट लहान असते हे खरे, पण तांदळाच्या पिठातला हिंग मिळत असताना ती जोखीम घरी तरी घेऊ नका, आणि बाहेर विचारल्याशिवाय डाळ-सांबार घेऊ नका. चाट मसाल्यातही हिंग असतो. म्हणून मक्याच्या दाण्यांचा कप घेतला तर लोणी-मीठ एवढेच सांगा.

पनीर टिक्क्याला लावलेल्या बेसनाची शुद्धता गिरणीवर अवलंबून असते, कारण त्याच जात्यावर गहूही दळला जातो. तंदूरमध्ये नान भाजलेला असतो. दम बिर्याणीच्या हंडीचे तोंड कणकेने बंद करण्याची पद्धत आहे, आणि ती कणीक झाकण उघडताना भातात पडते. मंचुरियन, नूडल्स यांचा तर प्रश्नच नाही. त्यांतल्या सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो. पेयांत माल्ट घातलेले दूध आणि बिअर दोन्ही जवाची. साधे थंड पेय, पाणी, काळी कॉफी चालते. आइस्क्रीम कपातून घ्यायचे, आणि कोन भरण्याच्या चमच्याने काढलेले नको.

कधी आणि कोणाला विचारायचे

मध्यंतरात विचारू नका. तिकीट काढतानाच फोन करा, किंवा खेळाच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि खाद्यविभागाच्या व्यवस्थापकाला भेटा. दिवे चालू असतात, मागे रांग नसते, आणि माझ्या विद्यार्थिनीला जी लाज वाटली ती निम्मी तिथेच संपते. बोलताना "ग्लुटेन-फ्री" या शब्दावर विसंबू नका. अनेकांना तो वजन कमी करण्याचा प्रकार वाटतो. "मला आजार आहे. गहू, मैदा, रवा, जव जरासा लागला तरी चालत नाही," असे सांगा. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला शब्द माहीत असू द्या. हिंदीत गेहूं आणि सूजी, कन्नडमध्ये गोधी, तेलुगूत गोधुमलु, तमिळमध्ये गोदुमै, बंगालीत गम. मैदा बहुतेक सगळीकडे मैदाच.

मग प्रश्न असे विचारा की त्यांचे उत्तर नुसत्या "हो"ने देता येणार नाही. "हे ग्लुटेन-फ्री आहे ना?" याला कोणीही हो म्हणेल. "या फ्रायरमध्ये आज आणखी काय काय तळता?" याला खरे उत्तर द्यावे लागते. "चीज सॉसचे पाकीट दाखवता का?" हाही चांगला प्रश्न. उत्तर देणारा गोंधळला किंवा घाई करू लागला, तर आभार मानून फक्त पाणी घ्या.

नियम काही प्रमाणात तुमच्या बाजूचे आहेत. दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यविक्रेत्यांनी पदार्थांतल्या अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे एफएसएसएआयच्या नियमांनुसार आवश्यक आहे, आणि त्या घटकांत ग्लुटेन असलेली धान्ये येतात. मोठ्या साखळ्यांत ही माहिती मागायला संकोच करू नका. पण ती माहिती कृतीतल्या घटकांची असते. तेलातल्या आणि चिमट्यावरच्या गव्हाची नोंद त्यात सापडेलच असे नाही.

घरचा डबा नेता येईल का? ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू न देण्याचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकाला आहे. पिण्याचे स्वच्छ पाणी मात्र मोफत द्यावे लागते, आणि तान्ह्या मुलांसाठी आईवडिलांना खाणे नेता येते. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांच्या यादीत सीलिअॅक नाही. तेव्हा दारावर हक्काची भाषा फार कामाला येत नाही. आधी घेतलेली परवानगी येते. निदानाचा उल्लेख असलेली डॉक्टरांची चिठ्ठी जोडून आदल्या दिवशी ईमेल करा, आणि आलेले उत्तर मोबाइलमध्ये ठेवा. सुरक्षा तपासणीच्या माणसाशी वाद घालू नका, त्याला ते उत्तर दाखवा. परवानगी मिळालीच नाही तर घरून जेवून निघा. तीन तास न खाता सिनेमा पाहता येतो, हे आपण मधल्या काळात विसरलो आहोत एवढेच.

चुकून ग्लुटेन पोटात गेलेच तर ते निष्प्रभ करणारे औषध नाही. मुद्दाम उलटी काढू नका. पाणी, मीठ-साखरेचे पाणी, मऊ भात घ्या. जुलाब-उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांकडे जा. काय खाल्ले, कुठे, किती वाजता, हे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या टीटीजी तपासणीच्या वेळी आहारतज्ज्ञाला दाखवा.

ती विद्यार्थिनी पुढच्या महिन्यात त्याच मैत्रिणींबरोबर पुन्हा गेली. या वेळी व्यवस्थापकाशी बोलायला त्यांतल्या दोघी तिच्याबरोबर आल्या होत्या. साधे पॉपकॉर्न मिळाले, नवीन डब्यात. मैत्रिणींनी समोसे घेतले, आणि पॉपकॉर्नच्या डब्यात हात घालायचा नाही हा नियम सगळ्यांनी शेवटपर्यंत पाळला.