प्लावन-नियंत्रक जाकीट आणि शिशाची वजने : निवड व जुळणी

स्कूबा पद्धतीने पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्याच्या सामग्रीत हवेची टाकी आणि रेग्युलेटर ही उपकरणे सर्वांत आधी डोळ्यांत भरतात. पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहण्याचे काम मात्र दुसऱ्याच दोन वस्तूंकडे असते. एक, कमरेला किंवा जाकिटाच्या खिशांत बाळगलेली शिशाची वजने. आणि दुसरी, हवा भरता व सोडता येणारे प्लावन-नियंत्रक जाकीट. पाणबुडे त्याला ‘बीसीडी’ म्हणतात. खरेदी करताना बहुतेक जण जाकिटाचा रंग, खिसे आणि किंमत पाहून ते निवडतात आणि वजने नंतर हाताला येतील तशी घेतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा हवा. वजन अचूक ठरल्याशिवाय जाकिटाला नेमके किती काम करायचे आहे हेच कळत नाही.

या सामग्रीचा पाया आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वर ढकलत असते. वस्तूचे वजन आणि हे बल समान झाले की तटस्थ स्थिती येते. पाणबुड्या वर जात नाही आणि खालीही बुडत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १.०२५ किलोग्रॅम असते, गोड्या पाण्याचे एक किलोग्रॅम. त्यामुळे सामग्रीसह शंभर किलो भरणारा आणि समुद्रात तटस्थ असणारा पाणबुड्या तलावात उतरला, तर त्याला जवळजवळ अडीच किलो शिसे काढून ठेवावे लागते. शरीराची घडणही हिशेबात येते. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू किंचित जड असल्याने समान वजनाच्या दोन माणसांना निरनिराळे शिसे लागू शकते. म्हणूनच शरीराच्या वजनाची ठरावीक टक्केवारी सांगणारी कोष्टके केवळ सुरुवातीच्या अंदाजापुरतीच उपयोगी आहेत.

एकदा साधलेली तटस्थ स्थिती टिकली असती, तर जाकिटाची गरजच उरली नसती. ती दोन कारणांनी बिघडते. पहिले कारण हवेचा खर्च. उष्ण प्रदेशांत सर्वत्र दिसणारी अॅल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटर धारणेची असते आणि २०७ बार दाबाने भरली जाते. तिच्यातील हवेचे वस्तुमान सुमारे २.७ किलोग्रॅम असते. पन्नास बार शिल्लक ठेवून वर येणारा पाणबुड्या त्यातील साधारण दोन किलो हवा बुडबुड्यांवाटे सोडून आलेला असतो, म्हणजे तो तितकाच हलका झालेला असतो. भरलेली असताना समुद्रात बुडणारी ही टाकी रिकामी होताच तरंगू लागते. पोलादी टाकी सहसा रिकामी झाल्यावरही बुडतीच राहते. दुसरे कारण दाब. पृष्ठभागावर एक बार असलेला दाब दहा मीटरवर दोन बार व वीस मीटरवर तीन बार होतो. बॉइलच्या नियमानुसार वायूचे आकारमान त्या प्रमाणात घटते. वेटसूटचे निओप्रीन रबर म्हणजे सूक्ष्म वायुकोशांचा थर. खोलीवर ते कोश चेपले जातात आणि पोशाखाची उचल कमी होते. जाकिटाचे खरे काम या दोन बदलांची भरपाई करणे एवढेच आहे.

झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये ‘अॅक्वालंग’ हे स्कूबा-उपकरण सिद्ध केले, तेव्हा असे जाकीट नव्हते. त्या काळचे पाणबुडे नियोजित खोली लक्षात घेऊन शिसे बांधत आणि बाकीचे फुप्फुसे व पाय यांवर सोपवत. १९६१ मध्ये मॉरिस फेंझी यांनी गळ्यात घालायचे, स्वतःची छोटी हवेची बाटली असलेले फुगवे आणले. १९७१ मध्ये स्कूबाप्रो कंपनीने बाह्यांविना अंगरख्यासारखे जाकीट बाजारात आणले आणि टाकी, पट्टे व हवेची पिशवी प्रथमच एका वस्त्रात आली. आजची बहुतेक जाकिटे याच वंशातील आहेत.

सध्या प्रचलित असलेल्या जाकिटांचे मुख्य वर्ग तीन. वेष्टन-जाकिटात हवा बगलांखाली व कमरेभोवती पसरते; पृष्ठभागावर ते सरळ उभे धरते, म्हणून प्रशिक्षणवर्गांत तेच दिसते. पृष्ठ-फुगव्या जाकिटात सारी हवा पाठीमागे असते. पाण्याखाली त्यात आडवे राहणे सोपे जाते, परंतु पृष्ठभागावर जास्त हवा भरल्यास चेहरा पुढे पाण्याकडे झुकतो. तिसऱ्या वर्गात धातूची पाठपट्टी, अखंड पट्टा आणि सुटी हवेची पिशवी असे वेगळे भाग जोडलेले असतात. पाणबुडे या पिशवीला ‘विंग’ म्हणतात. पोलादी पाठपट्टी स्वतःच दोन-अडीच किलो शिशाची जागा घेते. अंगाला बसण्याच्या दृष्टीने हा वर्ग सर्वांत लवचीक आहे, पण पट्टे जुळवण्यास वेळ द्यावा लागतो.

वजन ठरवण्याची खरी कसोटी पाणउडीच्या शेवटी असते. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा घेताना टाकीत पन्नास बार हवा आणि जाकीट जवळजवळ रिकामे, अशा अवस्थेत पाणबुड्याला स्थिर राहता आले पाहिजे. त्यासाठी लागणारे शिसे हेच योग्य शिसे. पडताळणी सोपी आहे. पूर्ण सामग्रीसह, पाय टेकणार नाहीत इतक्या खोल पण शांत पाण्यात, जाकीट पूर्ण रिकामे करून साधा श्वास रोखून हात-पाय न हलवता उभे राहावे. पाण्याची रेषा डोळ्यांच्या पातळीवर आली आणि श्वास सोडताच शरीर हळूहळू बुडू लागले, तर वजन बरोबर आहे. ही चाचणी भरलेल्या टाकीने केली असेल, तर खर्च होणाऱ्या हवेसाठी सुमारे दोन किलो वाढवावेत. नवशिके श्वास पूर्ण सोडत नाहीत. भीतीने छाती फुगलेली राहते. फुप्फुसांत अडकलेल्या दोन लिटर हवेसाठी दोन किलो जादा शिसे मागितले जाते, आणि भीती गेल्यावरही ते कमरेला तसेच राहते.

जादा शिसे म्हणजे सुरक्षितता, ही समजूत हट्टी आहे. समजा, चार किलो अनावश्यक आहेत. ते तोलण्यासाठी जाकिटात चार लिटर जादा हवा ठेवावी लागते. दहा मीटरवरून पाच मीटरवर येताना तीच हवा ५.३ लिटर होते आणि पृष्ठभागाजवळ आठ लिटर. म्हणजे वर येताना, जिथे दाबातील सापेक्ष बदल सर्वांत वेगवान असतो तिथेच, पाणबुड्याला ओढून नेणारे बल वाढत जाते. शिवाय जड पाणबुड्याचे पाय खाली लोंबतात. अशा तिरप्या अंगाने मारलेला प्रत्येक फिनचा फटका त्याला पुढे नेण्याबरोबर वरही ढकलतो. तो वर जाऊ नये म्हणून जाकिटातील हवा सोडतो. मग थांबताच बुडतो, म्हणून थांबतच नाही. हवा लवकर संपण्याची तक्रार करणाऱ्या अनेकांचे दुखणे फुप्फुसांत नसून कमरेला असते.

शिसे कुठे लावायचे हा प्रश्नही किती लावायचे याइतकाच महत्त्वाचा आहे. सगळे वजन कमरेच्या पट्ट्यावर असेल आणि टाकी खाली सरकलेली असेल, तर कंबर व पाय बुडतात. एक-दोन किलो टाकीच्या पट्ट्यावरील लहान खिशांत, पाठीच्या वरच्या भागाकडे नेले की अंग आडवे होते. टाकी दोन-तीन बोटे वर-खाली सरकवूनही पुष्कळ साधते. मात्र वजनाचा मोठा भाग संकटकाळी एका हाताने टाकून देता येईल असाच हवा. पट्ट्याचे बक्कल उजव्या हाताने एका ओढीत सुटले पाहिजे, आणि जाकिटातील खिशांची मूठ डोळे मिटूनही सापडली पाहिजे. पाणबुड्यांच्या अपघातांच्या तपासणीत अनेकदा मृताची वजने जागेवरच आढळली आहेत, एवढे कारण या सरावासाठी पुरेसे आहे.

आता जाकिटाची निवड. उचलक्षमता म्हणजे भरलेल्या टाकीतील हवेचे वजन, पोशाखाची खोलीवर हरवणारी उचल आणि पृष्ठभागावर डोके पाण्याबाहेर ठेवण्यापुरता राखीव भाग यांची बेरीज. उष्ण समुद्र, पातळ पोशाख व एक टाकी यांसाठी दहा-बारा किलोंची उचल सहसा पुरते. जाड पोशाखाला अधिक लागते. अंगातून काढल्यास टाकी व खिशांतील शिशासह जाकीट स्वतः तरंगले पाहिजे. माप पोशाख घालूनच पाहावे. जाकीट पूर्ण फुगवल्यावर छाती आवळली गेली, तर ते लहान आहे. रिकामे असताना खांदे धरून वर ओढल्यास कानांपर्यंत आले, तर मोठे आहे. हवा सोडण्याच्या झडपा किमान खांद्यावर व पाठीच्या खालच्या टोकाला हव्यात, कारण हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते.

जुळणी करताना टाकीचा पट्टा आधी भिजवावा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात सैलावतो आणि टाकी निसटते. टाकीची उंची अशी ठेवावी की मान मागे वळवताना डोके रेग्युलेटरवर आपटू नये. हवा भरण्याचे बटण दाबून सोडल्यावर प्रवाह लगेच थांबतो का, तोंडाने फुगवता येते का आणि अतिदाब-झडप आपोआप उघडते का, हे पाण्याबाहेरच तपासावे.

मालवण-तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पाणी उबदार असल्याने ३ मिलिमीटर जाडीचा पोशाख पुरतो व शिसे कमी लागते. प्रथमच उतरणाऱ्या पर्यटकाची टाकी व जाकिटाचे बटण तेथे प्रशिक्षक स्वतःच्या हाती ठेवतो, त्यामुळे वजनाचा हिशेब पर्यटकाच्या लक्षातही येत नाही. पुढे स्वतंत्रपणे उतरू इच्छिणाऱ्याने आपल्या नोंदवहीत पोशाखाची जाडी, टाकीचा धातू, पाणी गोडे की खारे, लावलेले शिसे आणि सुरक्षा-थांब्यावर जाणवलेली स्थिती अशा पाच नोंदी प्रत्येक उडीनंतर कराव्यात. यांतील एक जरी बदलली, तरी चाचणी पुन्हा घ्यावी. परतल्यावर जाकीट गोड्या पाण्याने आतूनही धुऊन, ते पाणी झडपांवाटे काढून टाकावे आणि अर्धवट फुगवून सावलीत टांगावे. आत राहिलेल्या मिठाचे स्फटिक झडपांची बंदिस्तता बिघडवतात.