डिप्रेशन म्हणजे नेमके काय?

पेपर कठीण गेला की पोरगा म्हणतो, "डिप्रेशन आलं." मोबाईल बिघडला तरी हाच शब्द. आणि जी बाई पंधरा दिवसांपासून धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, तिला मात्र आपण आळशी ठरवतो. अड्याळच्या वस्तीतही हा इंग्रजी शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. पण नको तिथे तो तोंडी येतो आणि हवा तिथे आठवत नाही. म्हणून तो नीट समजून घेऊ.

या शब्दाचा मूळ अर्थ आहे खाली दाबले जाणे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले की हवामान खातेही त्याला डिप्रेशनच म्हणते. डॉक्टर मात्र हा शब्द मनाच्या एका आजारासाठी वापरतात. मराठीत त्याला नैराश्य म्हणतात.

धान बुडाले, नापास झालो, घरातले माणूस गेले, तर मन खचणारच. ते दुःख आहे, प्रत्येक वेळी आजार नव्हे. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहिले, आवडीच्या कामातही "मन नाही लागून राहिलं" असे वाटले, झोप-भूक बिघडली, थकवा आला, आपण निकामी आहोत असे वाटू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. बाळंतपणानंतरही हा आजार होऊ शकतो.

हा आजार म्हणजे वेड नव्हे, कमजोरी नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच. अंगारे-धुपाऱ्याने तो जात नाही. दारूने वाढतो. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास गोळ्यांनी बरा होतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मनानेच बंद करू नयेत.

सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळणे हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपला हक्क आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात विचारा. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

कुणी मरणाची भाषा केली तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशक हाताशी ठेवू नका. शेजारी बसा, त्याचे ऐकून घ्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.