स्टिरिओ ध्वनिक्षेपकांची लहान खोलीतील मांडणी

ध्वनिमुद्रित संगीत दोन ध्वनिक्षेपकांतून ऐकताना गायक व साथीदार समोर आपापल्या जागी बसले आहेत असा भास व्हावा, हे स्टिरिओ पद्धतीचे उद्दिष्ट होय. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. हा भास साधण्यात उपकरणाइतकाच खोलीचाही वाटा असतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील सदनिकांत बसण्याची खोली पुष्कळदा लहान, भिंती गिलाव्याच्या व जमीन गुळगुळीत फरशीची असते. अशा खोलीत नव्या ध्वनिक्षेपकांचा आवाज घुमू लागला की दोष त्यांचाच समजला जातो व ते बदलण्याचा खर्च होतो. वास्तविक त्यांची जागा बदलणे अनेकदा पुरेसे असते.

खोलीचा परिणाम : समोरासमोरील भिंतींवरून ध्वनी परावर्तित होऊन स्थिर तरंग निर्माण होतात. त्यांपैकी सर्वांत कमी कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) तरंगाची निम्मी लांबी भिंतींमधील अंतराइतकी असते. ध्वनीचा हवेतील वेग ३०° से. तापमानास सेकंदास सु. ३४९ मी. असतो. त्यानुसार ३.६ मी. लांब, ३ मी. रुंद व २.७५ मी. उंच खोलीत या कंप्रता अनुक्रमे सु. ४८, ५८ व ६३ हर्ट्‌झ येतात. यांखेरीज त्यांच्या पटीतील व संयुक्त तरंगही असतात. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सु. ६९ हर्ट्‌झला लागते. म्हणजे खर्ज व डग्ग्याचा घुमारा नेमके या तरंगांच्या टापूत येतात. त्यामुळे काही स्वर फुगतात, तर काही हरवतात. लांबी, रुंदी व उंची सारखी असल्यास हा दोष सर्वाधिक जाणवतो.

मांडणी : स्थिर तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो, तर पहिल्या तरंगाचा दाब खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो. म्हणून ध्वनिक्षेपक कोपऱ्यात ठेवू नयेत आणि श्रोत्याने भिंतीला टेकून किंवा अगदी मध्यावर बसू नये. वरील खोलीत आखूड भिंतीपासून ०.६ मी. पुढे, बाजूच्या भिंतींपासूनही तितक्याच अंतरावर ध्वनिक्षेपक ठेवल्यास त्यांच्यात १.८ मी. अंतर राहते. श्रोत्यासह समभुज त्रिकोण केल्यास त्याचे आसन मागील भिंतीपासून सु. १.४ मी., म्हणजे लांबीच्या दोन-पंचमांश अंतरावर येते. येथून दहा-दहा सेंमी. सरकवून कानाने अंतिम जागा ठरवावी. उच्च कंप्रतेचा ध्वनी देणारा ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. भारतीय बैठकीसाठी ही उंची खुर्चीपेक्षा कमी असते. दोन्ही ध्वनिक्षेपकांच्या तारांची धन व ऋण टोके सारखी जोडलेली असणे आवश्यक आहे; एकाची उलटी झाल्यास खर्ज क्षीण होतो व गायकाची जागा निश्चित कळत नाही.

शोषण : अमेरिकन भौतिकीविज्ञ वॉलेस सॅबिन (१८६८–१९१९) यांच्या सूत्रानुसार खोलीचे घनफळ (घ. मी.) ०.१६ ने गुणून त्यास एकूण शोषण क्षेत्राने (चौ. मी.) भागल्यास ध्वनी विरण्याचा काळ सेकंदांत मिळतो. वरील खोलीचे घनफळ सु. ३० घ. मी. आहे. ती रिकामी असताना शोषण क्षेत्र २.४ चौ. मी. धरल्यास हा काळ २ सेकंद येतो. गादी, सतरंजी, जाड पडदे व पुस्तकांची मांडणी यांमुळे क्षेत्र १० चौ. मी. झाल्यास तो सु. अर्ध्या सेकंदावर उतरतो. मात्र पडदे व सतरंजी खर्ज फारसा शोषत नाहीत. त्यासाठी योग्य जागेचाच अवलंब करावा लागतो.

परिसर व हवामान : लोकल गाड्या व रस्त्यांवरील गोंगाट झाकण्यासाठी आवाज वाढविल्यास खोलीचे दोष दूर होत नाहीत; खर्ज मात्र भिंती व छतातून शेजाऱ्यांकडे पोहोचतो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या केंद्रीय नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. मुंबईच्या दमट हवेत शंकूभोवतीची फोमची कड कालांतराने कुजून तुटते. रबराची कड त्या मानाने अधिक टिकते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून पेट्या दूर ठेवणे त्यांच्या टिकाऊपणाच्या व ध्वनीच्याही दृष्टीने हितावह असते.