संगणकाची रोजकीर्द

म्हैसूरच्या देवराज मार्केटातील एका फळव्यापाऱ्याने नंजनगूडच्या केळीबागायतदारास बँकेमार्फत ५,००० रुपये पाठविले, असे समजावे. व्यापाऱ्याच्या खात्यावरील १२,००० चे ७,००० झाले. बागायतदाराच्या ३,००० चे ८,००० व्हावयाचे, तोच बँकेचा संगणक बंद पडला. मग ते ५,००० गेले कोठे?

जुन्या पेढीवरील दिवाणजी प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत टिपीत असे व मागाहून खतावणीत खतवीत असे. संगणकही हाच क्रम पाळतो. खात्यांची पाने ही त्याची खतावणी आणि ‘लॉग’ ही रोजकीर्द. पानावरील बदल चकतीवर कायम होण्यापूर्वी त्याची नोंद लॉगमध्ये कायम झालीच पाहिजे, हा नियम अनुल्लंघनीय होय. प्रत्येक नोंदीस चढता क्रमांक असतो. तीत व्यवहाराची खूण, पानाचा क्रमांक, झालेला बदल आणि त्याच व्यवहाराच्या मागील नोंदीचा क्रमांक ही असतात.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर हा लॉग कसा वाचावा, याची ‘एरीज’ नावाची पद्धत आयबीएम संस्थेतील चंद्रशेखरन मोहन व त्यांचे चार सहकारी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. मोहन हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. या पद्धतीत तीन फेऱ्या असतात. पहिली शेवटच्या तपासबिंदूपासून पुढे वाचीत जाते आणि कोणते व्यवहार अपुरे राहिले, कोणती पाने चकतीवर पोचली नसावीत, हे ठरविते. दुसरी, प्रसंगी तपासबिंदूच्याही मागून आरंभ करून, राहिलेले बदल पुन्हा घडविते, अपुऱ्या व्यवहारांचेसुद्धा! जे पुढे पुसावयाचेच, ते आधी लिहावयाचे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु पुसण्यापूर्वी प्रत्येक पान यंत्र बंद पडतेवेळच्या अवस्थेत आणणे अवश्य असते. पानावर शेवटच्या बदलाचा क्रमांक असतोच. तो नोंदीच्या क्रमांकाहून लहान असेल तरच बदल पुन्हा करावयाचा.

तिसरी फेरी उलट दिशेने, मागील नोंदींचा धागा धरून, अपुरे व्यवहार पुसते. व्यापाऱ्याचे ७,००० पुन्हा १२,००० होतात. पण या पुसण्याच्या भरातच वीज पुन्हा गेली तर? कित्येक नोंदींत जुना-नवा आकडा नसून केवळ ‘५,००० वजा’ एवढेच असते. असा बदल दोनदा उलटविला गेल्यास खात्यावर १७,००० दिसतील आणि तोटा बँकेचा होईल. म्हणून प्रत्येक पुसलेल्या बदलाचीही एक उलट नोंद लॉगमध्ये केली जाते. ती स्वतः कधीच उलटविली जात नाही. यापुढे कोणती नोंद पुसावयाची, एवढे मात्र ती दाखविते. यंत्र कितीही वेळा बंद पडले, तरी व्यापाऱ्याच्या खात्यावर १२,००० च राहतात.