माऊसला हात न लावता

राजारामपुरीतल्या माझ्या टेबलावर लॅपटॉप, वही आणि चहाचा कप ठेवला की माऊसला जागाच उरत नाही. तशी गरजही कमीच. मी लिनक्सवर 'आयथ्री' वापरतो. मायकेल श्टापेलबर्गने २००९ साली आणलेल्या या प्रोग्रॅममध्ये खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, आपोआप शेजारीशेजारी बसतात. कुठली कुठे न्यायची ते कीबोर्डवरूनच ठरतं.

अडतं ते बारक्या बटणांपाशी. एखाद्या फॉर्मवर 'सबमिट' कोपऱ्यात दडलेलं असतं. तिथे माझ्या मदतीला येतो जॉर्डन सिसेलचा 'कीनॅव्ह' हा प्रोग्रॅम. कंट्रोल आणि सेमीकोलन दाबलं की स्क्रीनवर चौकट उमटते. मग भावाभावांत शेताची वाटणी व्हावी तसं: 'एच' दाबलं की डावा अर्धा भाग उरतो, 'एल'ने उजवा, 'के'ने वरचा, 'जे'ने खालचा. १९२० बाय १०८०च्या स्क्रीनवर आडवं-उभं चार-चारदा अर्धं केलं की उरते १२० बाय ६७ पिक्सेलची चौकट. बटण तिच्या मधोमध आलं की स्पेसबार. क्लिक झालंच म्हणून समजा. चुकीचा अर्धा भाग निवडला गेला तर 'ए' दाबून एक पाऊल मागे.

कीनॅव्ह चालतो लिनक्समध्ये खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स-इलेव्हन यंत्रणेवर; नव्या वेलँडवर दुसरी सोय बघावी लागते. विंडोजवाल्यांनी हिरमुसू नये. डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबा, नंबरपॅडच्या ८, २, ४, ६ने बाण सरकतो, ५ने क्लिक होतं. सरकतो मात्र अगदी रमतगमत.