तुळशी-विहारच्या पाण्याची नाडी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सहलीला जाताना कान्हेरीची लेणी आठवतात, वाघ-सिंह आठवतात; पण त्याच रानात मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे दोन तलाव आहेत, हे पुष्कळजणींच्या गावीही नसतं. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. मुंबईच्या एकूण पाण्यात त्यांचा वाटा आता अगदी थोडा. पण भोवतीचं रान राखीव, त्यामुळे पावसाचं पाणी पालापाचोळ्यातून झिरपत येतं आणि बराचसा गाळ वरच अडतो.

मग तपासायचं कशाला? तर पाणी नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. काविळीचे, विषमज्वराचे जंतू नितळ पाण्यातही सुखाने राहतात.

नमुना घ्यायचं सोवळं लोणच्याच्या बरणीइतकंच कडक! बाटली निर्जंतुक केलेली, बुचाला आतून बोट लावायचं नाही, वरचा तवंग टाळून वीतभर खालचं पाणी घ्यायचं आणि बर्फात ठेवून लगोलग प्रयोगशाळेत पोचवायचं. तळ्याचा गढूळपणा बघायला काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात. ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. विरघळलेला प्राणवायूही मोजतात. शेण, मैला, सहलीतलं खरकटं पाण्यात कुजू लागलं की तो संपत जातो आणि मासे तडफडतात. नुसतं निर्जंतुक करून पिण्याजोग्या पाण्यात तो लिटरला निदान ६ मिलिग्रॅम हवा, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कसोटी आहे.

जंतूंची परीक्षा तर आपल्या इडलीच्या पिठासारखी. दुधातली साखर घातलेल्या द्रवात नमुना मिसळून उबेत ठेवायचा. वायूचा बुडबुडा धरला की संशय, मग पुढची तपासणी. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही चालत नाही. पण ह्या उत्तराला एक-दोन दिवस लागतात, आणि तोवर पाणी कुणाच्या तरी माठात पोचलेलं असतं! म्हणून आधीच क्लोरीन घालतात. नळाला ‘औषधाचा वास’ येतो म्हणून आपण कुरकुरतो खऱ्या, पण तो हलका वास म्हणजे पाण्याबरोबर घरापर्यंत आलेला पहारेकरीच.

त्याच डोंगरातून निघणारी दहिसर नदी बघा. उद्यानात ती स्वच्छ, बाहेर पडल्यावर मात्र तबेल्यांचं शेण आणि गटारं पोटात घेते. आपल्या इमारतीच्या टाकीचंही तसंच. झाकण उघडं राहिलं तर तलावावरची सगळी तपासणी फुकट. पावसाळ्यात पाणी गढूळ वाटलं तर दुहेरी फडक्याने गाळून चांगलं खळखळ उकळावं. कोमट करून भागत नाही.